दोनदा गेलेलं वारं

पुण्याच्या कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना जो एकदा चढला, तो विसरत नाही. गुडघ्याशी येणाऱ्या पायऱ्या, पाऊल तिरकं ठेवावं लागेल इतकी कमी रुंदी, भर दुपारी अंधार आणि वरून सोडलेला, हातांनी गुळगुळीत झालेला एक दोर. आता पुष्कळ वाडे पडले आणि त्यांच्या जागी लिफ्ट आली. पण असा एखादा जिना मेंदूविकारतज्ज्ञांनी आपल्या तपासणीच्या खोलीत बसवून घ्यायला हवा होता, असं मला फार दिवस वाटतं. माणूस या जिन्यावर कुठे आणि कसा अडतो, यावरून त्याचा आजार शरीरात कुठे बसला आहे याचा निम्मा अंदाज येतो.

पहिल्याच पायरीला मांडी वर उचलत नाही, दोराला लोंबकळून अंग ओढावं लागतं, मात्र पावलाची पकड शाबूत आहे : दुखणं बहुधा स्नायूंचं. मांडी उचलते, पण पाऊल लोंबतं, चप्पल पायरीच्या कडेला अडकते आणि निसटली तरी कळत नाही : बहुधा नसांचं. आणि सकाळी दूध आणायला सरसर उतरलेला माणूस संध्याकाळच्या तिसऱ्या फेरीला मधल्या पायरीवर बसतो, पाच मिनिटं टेकतो आणि पुन्हा बऱ्यापैकी चढतो, तर दुखणं नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचं. आडाखे ढोबळ आहेत आणि चुकतातही. सगळ्यात जास्त चुकतात ते एकाच माणसाला यातली दोन दुखणी एकदम झाली म्हणजे.

जुन्या माणसांनी या भानगडीत न पडता एकच शब्द ठेवला होता. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, पायातलं बळ गेलं, काहीही झालं तरी ‘अंगावरून वारं गेलं’. शब्द सुंदर आहे. कुठूनसं काहीतरी आलं, स्पर्शून गेलं आणि माणूस होता तसा राहिला नाही, हा अनुभव त्यात बरोबर पकडलेला आहे. पण वारं बाहेरून येतं. या प्रकरणातले आजार घरातलेच आहेत. जंतूंशी लढायला शरीराने जी फौज पोसली, तीच आपल्या नसांवर किंवा स्नायूंवर उलटते.

उलटते कुठे, हे समजायला तांबट आळीत जाऊ. तांब्याच्या हंड्याला मठारताना कारागिराचा हात एका लयीत पडत असतो. त्या प्रत्येक ठोक्यामागे एक हुकूम असतो. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जारज्जूपर्यंत येतो आणि तिथून नसेतून विजेच्या रूपात दंडाकडे, मनगटाकडे धावतो. (मराठीत ‘नस’ म्हटलं की रक्तवाहिनीही आठवते. इथे नस म्हणजे चेतातंतू.) नसेवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातो. पण नस स्नायूपर्यंत पोचते तेव्हा त्याला चिकटत नाही. मध्ये केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी फट असते. वीज ती फट ओलांडू शकत नाही. तिथे नस ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, पलीकडे स्नायूवरचे ग्राहक ते झेलतात, आणि मग स्नायू आकसतो. ठोका पडतो.

म्हणजे एका ठोक्यासाठी तीन ठिकाणं धड हवीत : नस, फट आणि स्नायू. फौज या तिन्ही ठिकाणी उलटू शकते.

पुणेकरांना यातलं पहिलं ठिकाण २०२५ च्या जानेवारीत पाठ झालं. तोवर वैद्यकीय पुस्तकापुरतं असलेलं ‘जीबीएस’ हे नाव दोन आठवड्यांत भाजीच्या गाड्यावर ऐकू येऊ लागलं. गियाँ-बारे सिंड्रोमचं ते लघुरूप. १९१६ साली पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये या आजाराचं वर्णन केलं. नावातून स्ट्रोल बिचारा गळला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या पट्ट्यात रुग्ण वाढत गेले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला आणि मृत्यू दहाहून जास्त झाले. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, पाण्याकडे बोट गेलं आणि महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांना टाळी ठोकली. कसब्याशेजारच्या मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात या रुग्णांसाठी खाटा राखून ठेवल्या गेल्या. २०२३ मध्ये पेरू देशातही कॅम्पिलोबॅक्टरमुळे अशीच साथ उसळली होती आणि तिथल्या सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

जुलाबाच्या जंतूचा पायांच्या बळाशी संबंध काय? कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरच्या आवरणातले काही रेणू आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, जंतू मरतो, पण प्रतिपिंडांना नसांवर तोच चेहरा दिसतो. हजारभर माणसांना हा जंतू बाधला तर त्यातल्या एखाद्यावरच ही पाळी येते. मग तळपायाला मुंग्या येतात, अशक्तपणा खालून वर चढतो, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. घसरण जास्तीत जास्त चार आठवडे चालते आणि मग थांबते. पाचापैकी निदान एकाला तोवर व्हेंटिलेटर लागलेला असतो.

फटीवरचा आजार याच्या अगदी उलट्या स्वभावाचा. मायस्थेनिया ग्रेव्हिस. तो चढत नाही, येतो-जातो. लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की या रुग्णांची अवस्था क्युरारे विषाने लुळ्या पडलेल्या माणसासारखी आहे. क्युरारेवर फायसोस्टिग्मिन हा उतारा होता, तो त्यांनी देऊन पाहिला आणि पडलेली पापणी वर आली. आजच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या त्याच वंशातल्या. पण फटीत नेमकं काय बिघडतं, हे कळायला १९७३ उजाडावं लागलं. जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत-ईल माशाच्या अवयवातला ॲसिटिलकोलीनचा ग्राहक सशांना टोचला. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली, ती त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांवर उलटली आणि ससे मान टाकू लागले.

या आजारात पहिला ठोका नीट पडतो, दहावा कमजोर, पन्नासावा पडतच नाही. तांबटाला हा आजार झाला तर सकाळच्या हंड्यावरचे ठसे एकसारखे दिसतील आणि दुपारच्या हंड्यावर उथळ होत गेलेले. तपासणीही याच तत्त्वावर चालते. नसेला सेकंदाला तीन वेळा झटका देत राहायचं आणि स्नायूचं उत्तर कसं खालावत जातं ते आलेखावर पाहायचं. घरगुती तपासणी त्याहून गमतीची : पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाचा खडा धरायचा. थंडीत फटीतलं रसायन जास्त टिकतं आणि पापणी बऱ्याचदा वर येते.

आता दोन्ही एकत्र. समजा, कसब्यातल्याच एका पासष्टीच्या काकू आहेत. (या काकू मी विषयापुरत्या उभ्या केल्या आहेत.) थायरॉइडची गोळी दहा वर्षं चालू. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी पापण्या पडायला लागल्या, मायस्थेनिया निघाला, पायरिडोस्टिग्मिनवर ठीक आहेत. एके दिवशी पोट बिघडतं. आठवड्याभराने जिना चढवेना. घरचे म्हणतात, जुनं दुखणं उसळलं. डॉक्टरांनाही तसंच वाटणं साहजिक आहे, कारण कुठल्याही संसर्गाने मायस्थेनिया उसळतोच. गोळीचा डोस वाढतो.

इथे पहिला चकवा. ही गोळी जास्त झाली तर तिच्यामुळेही जुलाब होतात, पोटात मुरडा येतो, लाळ सुटते आणि स्नायू आणखी ढेपाळतात. म्हणजे जुलाब हे दुखण्याचं कारण, की औषधाचा परिणाम? दोन्ही शक्य.

काकू सहज म्हणून जातात, तळव्यांना मुंग्या येतात. या एका वाक्याने तपासणाऱ्याने सावध व्हावं. मायस्थेनियात मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नसतो आणि गुडघ्याचा झटका शाबूत असतो. हातोडी मारली आणि पाय उडाला नाही, तर जुन्या आजाराच्या आडून दुसरा आला आहे. मग एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी करायची, मणक्यातलं पाणी काढून बघायचं. पाण्यात पेशी फारशा नाहीत पण प्रथिनं वाढलेली, ही १९१६ च्या त्या तिघांनी सांगितलेली खूण अजून उपयोगी पडते, पहिल्या आठवड्यात मात्र ती दगा देऊ शकते.

चूक उलट्या दिशेनेही होते. जीबीएसची साथ चालू असताना डोळ्यांची हालचाल थांबलेला माणूस आला, तर मिलर फिशर प्रकार म्हणून त्याची चटकन नोंद होईल. १९५६ साली वर्णन केलेला हा जीबीएसचा भाऊबंद डोळ्यांपासून सुरू होतो आणि त्यातही पापणी पडते. अशा वेळी डोळ्याची बाहुली बघावी. मायस्थेनिया बाहुलीला हात लावत नाही. आणि यातही निसर्गाने रेषा स्वच्छ आखलेली नाही. मिलर फिशरमधली जीक्यूवनबी ही प्रतिपिंडं नसेच्या अगदी टोकाशी, फटीच्या अलीकडच्या काठावरही हल्ला करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्या टोकाला रक्तातल्या प्रतिपिंडांपासून राखणारा पडदा नसतो. म्हणजे ‘नसेचा’ म्हटलेला आजार फटीपर्यंत आलेला असतोच.

काकूंच्या पोटावर कोणीतरी ॲझिथ्रोमायसिन लिहून देईल. कॅम्पिलोबॅक्टरवर ते चांगलं औषध आहे. पण मायस्थेनियाच्या रुग्णाला जपून द्यायच्या औषधांत त्याचं नाव आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या भाऊबंदांचं आहे, जेंटामायसिनचं आहे, शिरेतून दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमचंही आहे. एका आजाराचं बीज मारणारं औषध दुसऱ्या आजाराला फुंकर घालतं. देऊच नये असं नाही, पण देणाऱ्याला काकूंच्या पापणीची माहिती हवी. ही यादी रुग्णाने पाकिटात बाळगावी, या मताचा मी आहे. आपल्याकडे तीन डॉक्टर असले की तीन फायली असतात आणि तिन्ही एकत्र फक्त रुग्णाच्या पिशवीत असतात.

स्टेरॉइडची गोष्ट अजून विचित्र. जीबीएसमध्ये त्यांचा उपयोग नाही. मायस्थेनियात ती उपचाराचा कणा आहेत, पण सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत आधी दुखणं वाढवतात आणि मग उतार पाडतात. सीआयडीपी नावाचा जीबीएसचा सावकाश चालणारा, आठ आठवड्यांहून जास्त वाढत राहणारा नातेवाईक आहे. त्याला स्टेरॉइड पुन्हा चालतात. आणि महिनोन्‌महिने घेतली तर हीच स्टेरॉइड मांडीचे स्नायू झिजवतात, म्हणजे जिन्यावर अडण्याचं चौथं कारण. ‘जीबीएसमध्ये चालत नाहीत’ म्हणून काकूंची चालू गोळी एकदम तोडणं मात्र त्याहून धोक्याचं. रुग्ण व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही दोन्ही आजार ठाऊक हवेत. सक्सिनिलकोलीन हे नेहमीचं औषध मायस्थेनियात पुरेसं लागू पडत नाही आणि जीबीएसमध्ये रक्तातलं पोटॅशियम अचानक वाढवून हृदय थांबवू शकतं.

व्हेंटिलेटरची वेळ आली हे कसं कळतं? कोविडनंतर पुण्यात घरोघरी ऑक्सिमीटर आहेत आणि तिथेच फसगत होते. या दोन्ही आजारांत फुप्फुस धड असतं, भाता थकतो. ऑक्सिजन शेवटी शेवटी घसरतो. त्यापेक्षा जुनी युक्ती बरी : खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने आकडे म्हणा. विसाच्या आतच दम संपला, किंवा काल तिसापर्यंत गेलेला माणूस आज अठरावर थांबला, तर रुग्णवाहिका बोलवायची.

एवढी गुंतागुंत झाल्यावर एक दिलासाही आहे. जीबीएस आणि मायस्थेनियाची उसळी, दोन्हींवर तेच दोन उपचार लागू पडतात. एक, रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं. दुसरा, आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली निरोगी प्रतिपिंडं शिरेतून देणं. मात्रा किलोमागे एकूण २ ग्रॅम. काकूंचं वजन ६० किलो असेल तर १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. साथीत पुण्याला कापरं भरलं होतं त्यात या बाटल्यांच्या किमतीचा मोठा वाटा होता.

एक उपचार दोन आजारांना कसा? माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. या आजारांची नावं आपण पत्त्यावरून ठेवली : नसेचा, फटीचा, स्नायूचा. फौज मात्र हत्यारावरून ओळखावी लागते. मायस्थेनियातली बहुतेक प्रतिपिंडं ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची साखळी पेटवून ग्राहकांची जागा जाळतात. पण मायस्थेनियाच्या एका प्रकारात, ज्यात मस्क या प्रथिनावर हल्ला होतो, प्रतिपिंडं आयजीजी-४ जातीची असतात. ती काही पेटवत नाहीत, फक्त दोन रेणूंच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांना भेटू देत नाहीत. सीआयडीपीसारखा दिसणारा नसांचा एक आजारही याच आयजीजी-४ चा आहे. पत्ते वेगळे, हत्यार एक. आणि खरोखरच दोघांनाही आयव्हीआयजीचा फारसा गुण येत नाही, रिटक्सिमॅबचा येतो. प्रतिपिंडांचं रक्तातलं आयुष्यच कमी करणारं एफगार्टिजिमॉड हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मायस्थेनियासाठी मंजूर झालं आणि २०२४ मध्ये सीआयडीपीसाठी.

मग एकाच माणसात दोन आजार का जमतात? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लढाऊ टी-पेशी तिथे तयार होतात. कसब्यातल्या माणसाला ‘तालीम’ हा शब्द पुरेल. या तालमीत नुसता जोर शिकवत नाहीत, घरच्याच माणसांवर हात टाकणारे पठ्ठे ओळखून बाहेर काढतात. तालमीचा वस्ताद चुकला तर एकच नव्हे, बरेच चुकार पठ्ठे रस्त्यावर येतात. मायस्थेनियाच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत थायमसची गाठ असते. अशी गाठ असलेल्यांत मायस्थेनियाच्या जोडीला स्नायूंचा दाह, हृदयाच्या स्नायूचा दाह किंवा नसांचा अतिचाळवलेपणा दिसू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या चाचणीत गाठ नसतानाही थायमस काढल्याने मायस्थेनिया सौम्य झाला, म्हणजे तालमीवरचा संशय खरा.

थायरॉइडची जोडी याच घराण्यातली आणि ठळक आहे. गंमत अशी की ग्रेव्ह्जच्या थायरॉइड विकारात वरची पापणी मागे ओढली जाते आणि डोळे वटारल्यासारखे दिसतात. अशा माणसाची पापणी खाली आली, तर थायरॉइडला दोष न देता मायस्थेनिया शोधावा. जीबीएसची गोष्ट निराळी. ती ओळख पटवण्यातली एकवेळची चूक आहे, तालमीतला बिघाड नाही. म्हणूनच मायस्थेनिया आणि थायरॉइड वारंवार भेटतात आणि मायस्थेनिया आणि जीबीएस क्वचित, इतके क्वचित की वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद बहुतकरून एकेका रुग्णाची म्हणून होते.

फौजेचे लगाम मुद्दाम सोडले तर काय होतं, हे अलीकडे कर्करोगाच्या वॉर्डात दिसलं. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल ज्या शोधांसाठी मिळालं, त्यांतून आलेली औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढून तिला गाठीवर सोडतात. काही थोड्या रुग्णांत ती मग मायस्थेनिया, स्नायूदाह आणि हृदयदाह असे तिन्ही एकदम घेऊन येते. पापणी पडली म्हणून आलेल्या अशा रुग्णाचा ईसीजी त्याच दिवशी काढावा लागतो, कारण जीव जातो तो हृदयाने.

काकूंना पाच दिवस आयव्हीआयजी दिलं. आता त्यांच्या शरीरात दोन घड्याळं लागली आहेत. फटीतले ग्राहक शरीर सतत नवे बनवत असतं, त्यामुळे पापण्या आठ-दहा दिवसांत उघडतात, आवाजातला गेंगाणेपणा जातो, घरचे म्हणतात, काकू बऱ्या झाल्या. नसेचं घड्याळ सावकाश चालतं. नुसतं वेष्टण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येतं. आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून अंगठ्यापर्यंत अंतर मीटरभर. फिजिओथेरपिस्ट रोज येते, घोट्याला पट्टी बांधते. डोळे टक्क उघडे आणि पाऊल लोंबतं आहे, अशा काकू दोर धरून पहिल्या पायरीवर उभ्या असतात, आणि वरून नातू विचारतो, आजी, आज किती?

तीन, काकू म्हणतात. काल दोन झाल्या होत्या.